मदत हवी आहे: पडलेले सोनेखाण शेअर घ्यावेत का?

नमस्कार मंडळी. सोन्याच्या खाणकंपन्यांचे शेअर आपटले की थोडे पैसे लावायचे, असं बरेच दिवस मनात आहे. हा सट्टाच आहे, हे मान्य. बुडाले तरी घर चालेल एवढीच रक्कम.

भीती २०११ नंतरच्या पडझडीची वाटते. सोनं औंसाला १,९०० डॉलरवरून २०१५ अखेर १,०५० च्या आसपास आलं, पण खाणकंपन्यांचा एचयूआय निर्देशांक ८० टक्क्यांहून जास्त कोसळला. कारण कळतं: खर्च १,२०० आणि भाव १,८०० असेल, तर भाव १,६०० होताच नफ्याचा तिसरा हिस्सा जातो. शिवाय बॅरिकसारख्या बड्या खाणकंपन्यांनी तेजीत महागड्या खरेद्या करून कर्ज वाढवलेलं.

मग स्वस्त कंपनी आणि बुडती कंपनी यांतला फरक तुम्ही कसा ओळखता? कंपन्या 'ऑल-इन सस्टेनिंग कॉस्ट' (म्हणजे औंसभर सोनं काढून खाण चालू ठेवण्याचा खर्च) सांगतात, पण त्यात व्याज आणि प्राप्तिकर धरत नाहीत, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर माझा भरवसा बसत नाही.

२०१५-१६ मध्ये कोणी प्रत्यक्ष घेतले होते का? काय बघून घेतले, आणि मुख्य म्हणजे विकले कधी? थेट शेअर बरे, की खाणकंपन्यांत गुंतवणारा म्युच्युअल फंड? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.