स्वतःचीच हॉस्पिटलची फाईल मिळवताना... तुमचे अनुभव लिहा

गिरगावकर: गणपतीच्या आवराआवरीत माळ्यावरून बाबांची एक्सरेची पिशवी खाली आली आणि सगळं आठवलं. बायपास करायला सांगितलं होतं, आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं होतं. इनडोअर पेपर, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदी, मागितले तर म्हणाले, डिस्चार्जच्या वेळी कार्ड मिळेल, बाकी रेकॉर्ड आमचं. मग अर्ज, मग शिक्का, मग पानामागे पैसे, तेही खालच्या झेरॉक्सवाल्याच्या कितीतरी पट. माणूस आयसीयूत असताना भांडणार कोण? भरले. दुखणं बाबांचं, बिलही आम्हीच भरलेलं, मग त्यांचेच कागद विकत का घ्यायचे? कागदाचा खर्च समजू शकतो, पण पीडीएफ तरी फुकट द्या. अजून राग येतो.

मुलुंडची मावशी: आमच्याकडे मेडिक्लेमसाठी. टीपीए (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारी संस्था) म्हणे इनडोअर पेपर आणा, हॉस्पिटल म्हणे टीपीएनेच पत्र द्यावं. ह्यांना डायलिसिसला सोडायचं की खिडकीपाशी उभं राहायचं? कुकर लावलाय, नंतर लिहिते.

शिवडी_७२: नियम आहे हो. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम. पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितलं की ७२ तासांत कागद द्यायचे. मुंबई हायकोर्टानेही १९९६ मध्ये सांगितलंय की गोपनीयतेचं कारण देऊन पेशंटला नकार देता येत नाही. फक्त कॉपीचा वाजवी खर्च घेता येतो, त्यामुळे पूर्ण फुकटचा हक्क अजून नाही.

नर्सताई: इनडोअर रेकॉर्ड ३ वर्षं सांभाळायचं बंधन आहे, त्यामुळे मागायला उशीर करू नका. आणि वॉर्डातल्या सिस्टरवर ओरडू नका प्लीज, कागद द्यायचा अधिकार आमच्या हातात नसतो.

डोंबिवली फास्ट: टाटा मेमोरियलला केस नंबरवर रिपोर्ट घरबसल्या दिसतात. आईच्या वेळी गाडीत उभ्याउभ्या बायोप्सी वाचली. वाईट बातमी होती, पण रात्रभर ताटकळलो नाही. सगळीकडे असं का नाही?

गिरगावकर: आई कशा आहेत आता?

डोंबिवली फास्ट: बऱ्या आहेत. मोदक करायला बसल्यात, ऐकत नाहीत.

मुलुंडची मावशी: त्यांना माझा नमस्कार सांगा. माझ्या तर कळ्याच नीट पडत नाहीत.

परळचा पक्या: पालिकेच्या हॉस्पिटलात अडलं तर माहिती अधिकार. १० रुपये अर्जाला, २ रुपये पानाला. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही.

वसईकर: आभा कार्ड, म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य खातं, फुकट निघतं, १४ आकडी नंबर. पण हॉस्पिटलने रेकॉर्ड जोडलं तरच ॲपमध्ये काही दिसतं. माझं अजून कोरं आहे.

मुलुंडची मावशी: जुने एक्सरे भंगारात देऊ नका हं. आमच्या डॉक्टरांनी परवाच जुना मागितला, जुन्या-नव्यात फरक बघायला.

गिरगावकर: अर्जात काय लिहायचं, कोणी सांगेल का? शेजारच्या काकूंना हवाय.

शिवडी_७२: साध्या कागदावर चालेल. पेशंटचं नाव, इनडोअर नंबर, दाखल आणि डिस्चार्जची तारीख, कोणते कागद हवेत ते. काकू पेशंटतर्फे जाणार असतील तर पेशंटच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्र. दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसकट पोच घ्या. ७२ तास झाले हे दाखवायला तोच पुरावा.

मुलुंडची मावशी: स्क्रीनशॉट काढला. ह्यांना जेवायला वाढते आता.