धातू खालून, गंधक वरून

१५०-२०० अंशांच्या पाण्यात जिवाणू तगणारच नाहीत, म्हणून जस्त-शिशाच्या साठ्यातलं गंधकही धातूंबरोबर खोलातूनच आलं असणार, असा मुद्दा मांडला जातो. शंका रास्त आहे, पण त्यात एक गृहीतक दडलंय: धातू आणि गंधक एकाच पाण्यातून आले. ते तसं असायलाच हवं असं नाही.

आयर्लंडमधल्या नॅव्हनचा जस्त-शिशाचा साठा बघा. कार्बोनिफेरस काळातल्या चुनखडकात, म्हणजे साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या गाळात. गंधकाचे दोन स्थिर समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) इथे कामी येतात, ३२ आणि ३४. सल्फेटवर (समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या गंधक-ऑक्सिजनच्या संयुगावर) जगणारे जिवाणू हलकं ३२ जास्त वापरतात, त्यामुळे त्यांनी बनवलेलं सल्फाइड (ऑक्सिजन नसलेलं गंधकाचं संयुग) समुद्रातल्या सल्फेटपेक्षा बरंच हलकं निघतं. नॅव्हनच्या स्फॅलेराइट-गॅलेनात, म्हणजे जस्ताच्या आणि शिशाच्या सल्फाइड खनिजांत, नेमका हाच ठसा आहे. तिथलं ९० टक्क्यांहून अधिक गंधक जिवाणूंनी घडवलेलं, असं २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलंय. मला तरी तो पुरावा पुरेसा भक्कम वाटतो.

जिवाणूंना त्या गरम पाण्यात राहावंच लागलं नाही! ते वरच्या थंड, खारट पाण्यात होते. भेगांतून चढलेलं धातूयुक्त पाणी त्या सल्फाइडला भेटलं आणि खनिज तिथेच साकळलं.

आजही हे घडतं. विस्कॉन्सिनमधल्या पाणी भरलेल्या पिकेट खाणीत, थंड पाण्यात, जिवाणूंच्या थरावर स्फॅलेराइटचे काही नॅनोमीटरचे कण सापडले. २००० साली ते प्रसिद्ध झालं.