घाट उतरताना गिअर की न्यूट्रल?

चाळीसगावकर: कन्नड घाटात पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट पार खालपर्यंत विझत नाहीत, ब्रेकचे लायनर (घासपट्ट्या) जळल्याचा वास काचा बंद असल्या तरी येतो. अरे दुसरा गिअर टाका ना! पाय काढला की पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) मिटतो, पिस्टन हवा ओढायला जातं आणि हवा तर मिळत नाही, ती सगळी ओढाताण चाकांच्या जोरावर चालते म्हणून गाडी आपोआप धरून राहते. ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरा.

भुसावळचा भाऊ: मग ब्रेक कशाला दिलेत भो? पॅड स्वस्त, क्लचप्लेट महाग. आमचे काका रावेरहून केळीची गाडी नेतात, उतार लागला की न्यूट्रल. डिझेल वाचतं.

एमएच १८: क्लच पूर्ण सोडल्यावर प्लेट घासतच नाही, झीज फक्त गिअर बदलताना. आणि डिझेल कुठे वाचतं, गिअरात पाय काढला की आताच्या गाड्यांमध्ये इंजेक्टर बंद होतो, इंजिन चाकंच फिरवतात. न्यूट्रलला इंजिन नुसतं चालू ठेवायलाही डिझेल लागतंच. त्यातही चावी बंद करणारे महाभाग आहेत, कारचा ब्रेक बूस्टर (पेडल हलकं करणारी मदत) दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगड होतं.

भुसावळचा भाऊ: घाटाचं ठीक. पण हलक्या उताराला गिअरात गाडी मंदावते, परत रेस द्यावी लागते, तेव्हा काय वाचलं?

एमएच १८: तिथे तुमचं बरोबर, पण घाट म्हणजे हलका उतार नाही.

नवापूर गॅरेज: चाळीसगावकर, तुमचं अर्धंच बरोबर. डिझेलला बहुतेक थ्रॉटलच नसतो, दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलते, त्यामुळे इंजिन गाडीला कमी धरतं. म्हणून ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक, सायलेन्सरच्या वाटेत झडप मिटते, धूर अडतो आणि त्या दाबाने इंजिन गाडी धरतं. कोंडाईबारी घाटात भरलेला ट्रक नुसत्या पायाच्या ब्रेकवर उतरवला की ड्रम तापतात, लायनर धरत नाहीत, वर सारखं पंपिंग केलं की हवेचा प्रेशरही उतरतो. आणि चढायच्या गिअरचा नियम जुना झाला, आताची इंजिनं ताकदवान, तिसऱ्यात चढतात पण उतरायला दुसराच लागतो. मोटरसायकलवाल्यांनी पावसात एकदम खालचा गिअर टाकून क्लच झटकन सोडू नका, मागचं चाक सरकतं.

भुसावळचा भाऊ: काकांच्या गाडीत एक्झॉस्ट ब्रेकचा स्विच आहे, पण तीन वर्षांपासून बंद पडलाय म्हणे.

नवापूर गॅरेज: मग आधी तो करून घ्या, क्लचप्लेटचं नंतर बोलू.