मदत हवी आहे: अचानक वाढलेला गोंधळ आणि लघवीचा नमुना

घरातल्या रुग्णाचा अल्झायमरचा (स्मृतिभ्रंशाचा आजार) मधला टप्पा. संध्याकाळी येरझाऱ्या आणि ‘घरी चला’चा धोशा नेहमीचाच. पण 2 दिवसांत झोपाळूपणा आणि भास एकदम वाढलेत. हा आजार महिन्यांनी, वर्षांनी खालावतो, 2 दिवसांत नाही; त्यामुळे आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं आणि नवीन गोळ्या (झोपेच्या, सर्दीच्यासुद्धा) यांचा संशय घ्यायचा. वृद्धांमध्ये संसर्ग असूनही ताप नसू शकतो. डॉक्टरांना आजच दाखवणार आहोत.

अडलंय ते संसर्गाच्या तपासणीसाठी लघवीचा नमुना घेण्यावर. डायपर असतो, ‘बाटलीत करा’ म्हटलेलं समजत नाही. डायपरमधून पिळलेल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळतात, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) बिघडतं. कमोडच्या सीटखाली निर्जंतुक भांडं बसवून कोणाला जमलंय का? उठल्या उठल्या नेलं तर लघवी होते, की पाणी पाजून अर्ध्या तासाने? नमुना लगेच पोचवता आला नाही तर फ्रीजमध्ये ठेवायचा, एवढं माहीत आहे.

दुसरं: रात्री जागायला दोघंच आहोत. पाळ्या कशा लावता? सलग 4-5 तास झोप प्रत्येकाला मिळायलाच हवी.

‘समजावून सांगा’ हा सल्ला मात्र नको. वाद घातला की चिडचिडच वाढते.