मदत हवी आहे: वणव्याचा धूर आणि मुलांची क्रिकेट स्पर्धा. कितव्या आकड्याला थांबायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या जवळ राहतो. आमच्या मंडळाची मुलांची टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा सप्टेंबरअखेरीस आहे, वयोगट आठ ते पंधरा. मैदानाचं भाडं भरलंय, टी-शर्ट छापून आलेत, वडापाव सांगून झालाय. आणि वर डोंगरात वणवा पेटलाय. एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा (जितका जास्त तितकी हवा वाईट), सकाळी 90, दुपारी 160, संध्याकाळी पुन्हा 110 असा नाचतोय.

समितीत सरळ दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, "आपण चुलीच्या धुरात वाढलो, काय झालं?" दुसऱ्यांना 100 च्या वर एकही चेंडू टाकलेला नकोय. माझं मत असं की आकडा कुठलाही धरा, पण आधी ठरवा आणि पालकांना लिहून कळवा. त्या दिवशी मैदानात उभं राहून ठरवायला गेलं की भरलेलं भाडं आणि दोन तास गाडी चालवून आलेला संघ यांचंच पारडं जड होतं.

मोठ्यांचे नियम मी वाचलेत. अमेरिकन कॉलेज क्रीडा संघटना, एनसीएए, 150 च्या वर सगळ्या खेळाडूंवर बारीक लक्ष ठेवायला सांगते, 200 ला सामना पुढे ढकलण्याचा किंवा आत हलवण्याचा गंभीर विचार करा म्हणते, आणि 300 ला मैदानावरचा खेळ बंद. पण ते धडधाकट कॉलेजकुमारांसाठी. आठ वर्षांच्या पोरांना हेच आकडे लावायचे का? आकडा बघायचा तरी कुठे? प्रत्येक ॲप वेगळं सांगतं. शिवाय मास्क लावून खेळवणं हा मार्ग आहे का?

प्रतिसाद १

ॲपांच्या नादी लागू नका. पर्यावरण खातं आणि वनखातं मिळून चालवतात तो 'फायर अँड स्मोक मॅप' उघडा. लोकांच्या घरांवर लावलेले पर्पलएअरचे सेन्सर वणव्याच्या धुरात बरेचदा जास्त आकडा दाखवतात. या नकाशावर तो दुरुस्त करून येतो. शहराचा आकडा नको, मैदानाच्या सर्वांत जवळचा सेन्सर धरा. वारा फिरला की तासाभरात चित्र बदलतं, म्हणून प्रत्येक सामन्याआधी पुन्हा बघा.

प्रतिसाद २

मी दिल्लीकर. आमच्याकडे 150 म्हणजे खुशाल खेळायचा दिवस! उगाच घाबरताय.

प्रतिसाद ३

दिल्लीकर, तुमचा 150 आणि यांचा 150 एक नाही हो. अमेरिकेच्या मोजपट्टीवर 150 म्हणजे पीएम 2.5 (हवेतले अतिसूक्ष्म कण) घनमीटरमागे साधारण 55 मायक्रोग्रॅम. तीच हवा भारतीय मोजपट्टीवर 100 च्या आत, म्हणजे चक्क 'समाधानकारक' गटात बसते. तुमचा 150 इथे 165 च्या आसपास जाईल. आणि खुशाल म्हणाल तर डिसेंबर 2017 ची दिल्ली कसोटी आठवा: श्रीलंकेचे खेळाडू मास्क लावून उभे होते आणि त्यांचा गोलंदाज लकमल याला मैदानावर उलट्या झाल्या.

अमेरिकेतलंही उदाहरण आहे. सप्टेंबर 2020 मध्ये सिएटलला 200 च्या वर एक्यूआय असताना बेसबॉलचे लागोपाठ दोन सामने उरकले. ओकलंड संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) लुझार्डो, वय 22, त्यालाही धाप लागली. त्यानंतरचे सिएटलचे सामने सॅन फ्रान्सिस्कोला हलवले. जून 2023 मध्ये क्युबेकच्या वणव्यांचा धूर आला तेव्हा न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाचे सामने मात्र पुढे ढकलले.

प्रतिसाद ४

मी बालरोग विभागात काम करते. कॉलेजचे आकडे लहानांना लावू नका. वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, आणि धावताना तोंडाने श्वास घेतला की नाकाची गाळणी बाजूलाच राहते. माझ्या मते 100 च्या वर दमा असलेल्यांना बसवा आणि बाकीच्यांची षटकं कमी करा. 150 ला सगळ्यांचं बंद. खोकला, छातीत घट्टपणा किंवा घरघर दिसली तर ते मूल त्या दिवशी पुन्हा मैदानात नको. इनहेलर खिशात हवा, गाडीत नव्हे.

एन95 मास्क सूक्ष्म कण अडवतो, वायू नाही. लहान चेहऱ्यावर तो नीट बसत नाही आणि धावताना कुणी ठेवतही नाही. खेळासाठी तो उपाय धरू नका. गुणलेखक आणि बघायला आलेल्या आजी-आजोबांसाठी जरूर आणा. बंदिस्त हॉल घेणार असाल तर आधी फिल्टर विचारा. दारं सताड उघडी असलेल्या हॉलमध्ये बाहेरचीच हवा असते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. समितीपुढे ठेवतोय: 100 च्या वर पाचच षटकं आणि दमेकऱ्यांना सुट्टी, 150 ला बंद. पहिली पाहणी सकाळी सहाला, म्हणजे लांबचे संघ निघायच्या आधी. 'बंद' म्हणायचा अधिकार एकाच माणसाला, आणि त्याचं मूल स्पर्धेत नसावं. ही शेवटची अट मीच घातली, कारण माझा मुलगा सलामीला जातो.

एक उरलंच: धुरामुळे रद्द झालं तर मैदानाचं भाडं परत मिळतं का? करारात पावसाचा उल्लेख आहे, धुराचा नाही. कुणी हे कलम घालून घेतलंय का?