थोरला स्वतः वाचतो, तरी मोठ्याने वाचून दाखवणं चालू ठेवायचं का? (होमस्कूलिंग)

निळी_शाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, शेवटी धागा काढतेच. आमचं होमस्कूलिंगचं हे चौथं वर्ष. मुलं तीन, थोरला अकरा, मधली आठ, धाकटा साडेचार. पहिल्यापासून आमच्याकडे सकाळी सगळ्यांनी एकत्र बसून वाचायचं असं आहे, म्हणजे मी मोठ्याने वाचते आणि मुलं ऐकतात, अर्धा-पाऊण तास, आणि खरं सांगायचं तर मुलांना घरी शिकवायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर हेच चित्र होतं, गणित-बिणित सगळं नंतर आलं.

आता अडचण अशी की थोरला हल्ली फडाफड वाचतो. माझं एक प्रकरण होईपर्यंत त्याची चार झालेली असतात. परवा मी जिथे खूण घालून ठेवली होती तिथून पुढचं अख्खं पुस्तक त्याने रात्रीत संपवलं आणि सकाळी मधलीला सांगूनही टाकलं की शेवटी कोण मरतं. ती इतकी रडली की ते पुस्तक तिथेच राहिलं. धाकटा पाच मिनिटांच्या वर एका जागी बसत नाही, गाडी घेऊन माझ्या पायाशी घर्रर्र करत फिरतो, मग मी आवाज चढवते, मग तोही चढवतो. मधली तेवढी मनापासून ऐकते पण तिला अडलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ तिथल्या तिथे हवा असतो.

नवरा म्हणतो, मोठ्याला येतंय ना वाचायला, मग त्याचा तो वेळ दुसऱ्या कशाला दे. तो वाईट हेतूने म्हणत नाही, पण आता मलाच कळेनासं झालंय. वाचता येणाऱ्या मुलाला वाचून दाखवण्यात खरंच अर्थ आहे का? तीन वयांना मिळून एक पुस्तक कसं निवडता? आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारायचे का? मी विचारते, पण तिघांचे चेहरे पडतात.

अर्धविराम

ताई, बंद करू नका. मी बरीच वर्षं प्राथमिकच्या मुलांना भाषा शिकवली आणि नंतर माझ्या दोन मुलांना घरी शिकवलं, त्या अनुभवावर सांगतोय.

आपण असं धरून चालतो की मुलाला वाचता यायला लागलं की वाचून दाखवण्याचं काम संपलं. पण अक्षरं वाचता येणं आणि भाषा समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये हे फार सोप्या रीतीने मांडलं, की वाचून समजणं हा या दोन गोष्टींचा गुणाकार असतो. गुणाकार, बेरीज नाही. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही. थोरल्याची पहिली बाजू झाली, दुसरी अजून कित्येक वर्षं वाढत राहणार आहे आणि ती वाढते ऐकून, बोलून आणि भरपूर वाचून. या वयाच्या बऱ्याच मुलांना ऐकून जे समजतं ते स्वतः वाचून समजण्याच्या पुढचं असतं, त्यामुळे तो आपणहून हातात घेणार नाही असं पुस्तक तुमच्या तोंडून तो सहज ऐकेल.

शब्दांचंही तसंच. हेज आणि आरेन्स यांचा १९८८ चा इंग्रजीवरचा अभ्यास आहे. त्यात मुलांच्या पुस्तकांमध्ये दर हजार शब्दांत साधारण ३१ कमी वापरातले शब्द सापडले आणि पदवीधर माणसांच्या आपापसातल्या गप्पांमध्ये साधारण १७. म्हणजे घरात आपण कितीही चांगलं बोललो तरी पुस्तकातली भाषा बोलण्यात येत नाही, ती पुस्तकातूनच आणावी लागते. अमेरिकेत १९८५ साली वाचनावरच्या आयोगाचा एक अहवाल आला होता, त्यातही मुलांना वाचून दाखवणं सगळ्या इयत्तांमध्ये चालू ठेवावं असं स्पष्ट म्हटलंय, फक्त बालवाडीपुरतं नाही.

आणि मराठीपुरतं एक खास कारण. आपल्या लिपीत च आणि ज प्रत्येकी दोन आवाजांचे, पण अक्षर एकच. 'चार' मधला च वेगळा आणि 'चारा' मधला वेगळा, 'जग' मधला ज वेगळा आणि 'जगणं' मधला वेगळा. मनातल्या मनात वाचणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार? माझी मुलगी नऊ वर्षांची होईपर्यंत 'चाहूल' हा शब्द 'चहा'मधल्या च ने वाचत होती. तिने तो पुस्तकात शंभरदा पाहिला होता पण ऐकला कधीच नव्हता. एका रात्री मी वाचत असताना तिने मला थांबवलं, माझ्या हातातल्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, परत वाचा. मी परत वाचलं. ती बराच वेळ तो शब्द पुटपुटत बसली होती.

चौघांची_आई

निळी_शाई, अगं धाकट्याला बसवू नकोस, तो बसून ऐकायच्या वयाचाच नाही. माझ्या चार मुलांत मी पहिल्याला मांडी घालून बसवायचे, तीन वर्षं भांडले आणि मग चौथ्याच्या वेळी कळलं की हात रिकामे असले की कान बंद होतात. आता आमचा एकच नियम आहे, आवाज न करणारं काहीही हातात चालेल. ठोकळे नाहीत, कारण ते पडतात. माती, दोरा ओवायचे मोठे मणी, रंगखडू, घड्या घालायचे मोजे, मोठीचं विणकाम. चाकाची गाडी घेतलीच तर ती सतरंजीवर चालवायची, फरशीवर नाही. आणि त्याच्यावर आवाज कधीच चढवायचा नाही, उलट उतरवायचा, अगदी कुजबुजत वाचायचं. मोठी मुलं आपोआप पुढे सरकतात आणि सगळे पुढे सरकले की लहान्याला वाटतं काहीतरी सुटतंय आपल्या हातून, तोही येतो.

तो ऐकत नाही असं मात्र समजू नकोस. माझा धाकटा टेबलाखाली पाठ करून मातीचे गोळे वळत बसायचा, मला वाटायचं याचं लक्षच नाही. एकदा मी थकले होते म्हणून अर्धं पान गाळून पुढे गेले तर टेबलाखालून आवाज आला, मग तो होडीतून उतरला कधी?

तीन वयांना एक पुस्तक हा हट्ट सोडलास तर सोपं जाईल. आमच्याकडे आधी दहा मिनिटं लहान्याचं चित्रांचं पुस्तक होतं, त्यात मोठेही असतात आणि त्यांना ते मनातून आवडतं, फक्त कबूल करत नाहीत. मग मोठं पुस्तक, ते थोरल्याच्या उंचीचं निवडायचं, मधलीला सत्तर टक्के कळलं तरी पुरे. सकाळीच सगळं व्हायला हवं असंही नाही, थोरल्याचं जड पुस्तक आम्ही लहान झोपल्यावर वाचतो.

शब्दांचं म्हणशील तर मी थांबत नाही. अवघड शब्द आला की त्याच दमात सोपा शब्द जोडून टाकते, 'तो निमूटपणे, काही न बोलता, निघून गेला', असं. लेखकाने तसंच लिहिलंय असं वाटतं त्यांना, गोष्ट तुटत नाही. बाकीचे शब्द संदर्भाने कळतात किंवा चौथ्यांदा आले की कळतात.

वेळेचं सांगते, कारण मलाही आधी वाटायचं एवढ्याशा वेळात काय होणार. मी एकदा मोजलं, माझा मोठ्याने वाचायचा वेग मिनिटाला साधारण शंभर शब्द. रोज वीस मिनिटं म्हणजे दोन हजार शब्द, चाळीस हजार शब्दांची कादंबरी वीस दिवसांत होते. पाऊण तास कशाला ताणतेस? वीस मिनिटं वाच आणि उत्कंठेच्या जागी पुस्तक मिट. मुलांनी अजून एक पान, अजून एक पान म्हटलं पाहिजे. ती कंटाळेपर्यंत वाचलंस तर दुसऱ्या दिवशी हाक मारून बोलवावं लागतं.

हो, आणि नवीन पुस्तकाचं प्रकरण आदल्या रात्री चाळून ठेवत जा. माझ्याकडे दोनदा असं झालं की लहान मुलं समोर आणि पानावर असं काही आलं की मला तिथल्या तिथे काय करावं सुचेना.

दोन_लेकरांचा_बाबा

वर सगळे वाचता येणाऱ्या मुलाबद्दल बोलतायत, मी उलट्या टोकाचं सांगतो. माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, शाळेत मोठ्याने वाच म्हणून उभं करायचे आणि वर्ग हसायचा, त्यानंतर वर्षभर त्याने पुस्तकाला हात लावला नाही, म्हणून तर आम्ही त्याला घरी आणलं. त्याच्यासाठी रात्रीचं वाचन म्हणजे अभ्यास नव्हताच. तिथे तो बहिणीच्या बरोबरीचा होता, कारण गोष्ट समजण्यात तो कुठेच कमी नव्हता, किंबहुना पुढे काय होणार हे त्याला सगळ्यात आधी कळायचं.

नंतर आम्ही जोडीने वाचायला लागलो. पुस्तक दोघांच्या मध्ये, दोघांनी एकदम मोठ्याने वाचायचं, माझा वेग त्याच्या वेगाला धरून. त्याला एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने मला कोपराने हलकेच ढोसायचं, मी गप्प. अडखळला की मी चार-पाच सेकंद थांबतो, नाही जमलं तर शब्द सांगतो, तो शब्द त्याने म्हटला की पुन्हा दोघं मिळून पुढे. रागावणं नाही, 'अरे हा तर कालच आला होता' हे तर अजिबात नाही. पहिले दोन महिने त्याने एकदाही ढोसलं नाही. मग एका रात्री ढोसलं, दीड ओळ वाचली आणि परत माझ्याकडे बघितलं. ती दीड ओळ मला अजून पाठ आहे.

सांगायचं एवढंच, की एकत्र वाचनात त्याच्याकडून आधी वाचून घ्यायला लागलो असतो तर ती एकच जागा होती त्याच्यासाठी, तीही गेली असती. प्रश्नोत्तरांचंही मला तसंच वाटतं.

पान_दुमडू_नका

मी आई नाही, मी तुमच्या थोरल्याच्या जागी होते :) बारावीपर्यंत घरीच शिकले, आता तेवीस. तीन भावंडांत मोठी. मीही पुढचं वाचून टाकायचे आणि मीही शेवट सांगून धाकट्याला रडवलंय, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

खरं कारण सांगू का, मला पुस्तक पुढे काय होतं यासाठी हवं असायचं आणि आई ते थेंबथेंब द्यायची. यावर आईने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे चालू पुस्तक तिच्या कपाटात. मला चोरून वाचता येईल अशा जागी नाही, आणि त्यावर भांडण नाही, भाषण नाही, ते पुस्तक सगळ्यांचं आहे म्हणून सगळ्यांबरोबरच पुढे जाणार, विषय संपला. माझं म्हणून वेगळं पुस्तक मला कायम होतंच, ते हवं तितकं वाच.

दुसरी म्हणजे वाचायचं काम माझ्याकडे आलं. आठवड्यातून दोन दिवस मी वाचायचे. आणि मोठ्याने वाचायला लागल्यावर मला कळलं की मी आजवर निम्मं पुस्तक उड्या मारत वाचत होते, वर्णनं तर सगळी गाळायचे. मोठ्याने वाचताना गाळता येत नाही ना, समोरचा लगेच म्हणतो कळलं नाही. स्वल्पविराम कशाला असतो हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने नाही शिकवलं, धाप लागल्यावर कळलं.

पण मी तिथे बसायचे याचं कारण हे काहीच नव्हतं. एकदा बाबा वाचत होते, गोष्टीतला म्हातारा आपल्या कुत्र्याला सोडून जातो असं काहीतरी होतं, आणि वाक्याच्या मध्येच बाबांचा आवाज गेला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुस्तक आईकडे दिलं, तिने पुढची ओळ वाचली आणि तिचाही आवाज गेला, मग ते पुस्तक माझ्याकडे आलं. मी ते प्रकरण शेवटपर्यंत वाचलं. मी तेव्हा साडेअकराची होते.

अर्धविराम

प्रश्नांबद्दल लिहायचं राहिलं. उत्तरं तपासायला विचारलेला प्रश्न मुलं लांबूनच ओळखतात. 'राजा का रागावला?' याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत असतं, मग ती परीक्षा होते. त्याऐवजी शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षिकेची पद्धत बघा, होमस्कूलिंग करणारे बरेच जण वापरतात. एकदाच वाचायचं आणि मग मुलाने आपल्या शब्दांत परत सांगायचं, मध्ये टोकायचं नाही, दुरुस्ती नाही. सहा वर्षांच्या आधी मुलाकडून हे मागू नये असं तिचं मत होतं, म्हणजे धाकटा सुटला. मधलीला मात्र सांगा की बाबा कामावर होते, त्यांना आज काय झालं ते सांग. खरोखर न ऐकलेल्या माणसाला सांगायचं असलं की मुलं किती बारकावे सांगतात ते बघा. आणि रोज नको, आठवड्यातून दोनदा पुष्कळ. बाकी दिवस पुस्तक मिटलं की उठायचं.

निळी_शाई

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले, पान_दुमडू_नका यांचा तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण रात्री त्याने विचारलं की मी कुठल्या दिवशी वाचू.

दहा दिवसांनी लिहितेय. पाऊण तासाची पंचवीस मिनिटं केली. प्रश्न पूर्ण बंद. मधली रोज रात्री बाबाला गोष्ट सांगते, पहिल्या दिवशी चार वाक्यं, काल तर त्याला जेवू देईना. अर्थ विचारणं कमी झालंय पण थांबलेलं नाही, मी त्याच दमात सोपा शब्द जोडते तर तिने चौथ्या दिवशीच पकडलं, 'हे तू घातलंस ना मध्ये?'

धाकट्याची गाडी सतरंजीवर. कुजबुजण्याचा उपाय दोनदा लागू पडला, तिसऱ्यांदा नाही, त्या दिवशी मी सरळ पुस्तक मिटलं.

थोरल्याचं अजून डळमळीत आहे. पुस्तक कपाटात ठेवलं तेव्हा दोन दिवस रुसला, ऐकायला आला पण दारातच उभा राहिला. वाचतोस का विचारलं तर नको म्हणाला, मीही आग्रह केला नाही. काल माझा घसा बसला होता, पान उलटताना खोकला आला आणि थांबेचना. तो दारातून आत आला, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, 'कुठपर्यंत आलो आपण?' म्हणाला. मधलीने ओळ दाखवली.