लोकप्रशासनात एम.ए.: दोन वर्षांचं वेटिंग तिकीट?

आवकजावक: काल इथे एकाने लिहिलं, "राज्यशास्त्र-लोकप्रशासनाची एम.ए. म्हणजे स्पर्धा परीक्षावाल्यांचं वेटिंग तिकीट. हॉस्टेलची खोली आणि अभ्यासिका मिळावी म्हणून घेतलेला प्रवेश." वर टाळ्या. मी हीच एम.ए. केली आणि एकही परीक्षा दिली नाही. आमच्या सरांनी राज्यघटनेच्या कलम २४३ जी मधल्या 'मे' (may) या एका इंग्रजी शब्दावर अख्खा तास घेतला होता. राज्य पंचायतींना अधिकार देऊ शकेल, दिलेच पाहिजेत असं नाही. पंचायतींकडे सोपवता येतील असे अकराव्या अनुसूचीतले २९ विषय कागदावर का राहतात, ते त्या तासाला कळलं. पुढे तीन वर्षं पंचायत समित्यांच्या फायली चाळल्या त्या त्याच्याच जोरावर.

रांगेत_चौथा: ताई, तुम्हाला सर भेटले. आमच्या तासाला सहा जण, त्यातले चार डुलक्या घेणारे. मी अभ्यासिकेसाठीच प्रवेश घेतला, लाज कसली? यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला २०१३ पासून वैकल्पिक विषय एकच, ५०० गुणांचा, आणि त्याला क्लासच्या नोट्स पुरतात. विद्यापीठात अजून वुड्रो विल्सनचा १८८७ चा निबंध घोळवतायत, ज्याच्यापासून हा विषय सुरू झाला म्हणतात तो. आणि ती पुस्तकं! 'प्रत्यायोजित विधिविधान' म्हणजे विधिमंडळाने नियम करायचं काम सरकारवर सोपवणं, हे मला इंग्रजीत 'डेलिगेटेड लेजिस्लेशन' वाचल्यावर कळलं.

शुद्धमती: शब्दकोश उघडायचा कंटाळा, आणि दोष मराठीला. लालफितीला 'दप्तरदिरंगाई' म्हणणारी भाषा आहे ही.

रांगेत_चौथा: दप्तरदिरंगाई झकास, मान्य. पण असे शब्द किती? बाकीचे समितीने बसून पाडलेले. गावाकडून आलेलं पोर पहिल्याच धड्याला गार होतं. तुम्ही वातानुकूलित खोलीत बसून भाषा वाचवा.

शुद्धमती: खोलीला पंखासुद्धा नाही. आणि मीही गावचीच, जिल्हा परिषदेच्या शाळेतली. उगाच गरिबी मिरवू नका.

निवृत्त_लिपिक: शब्दांवरून काय भांडता? दप्तरदिरंगाईचा २००५ चा कायदा आहे ना, फाईल कुणीही सात कामकाजाच्या दिवसांवर ठेवायची नाही. आमचे एक साहेब सहाव्या दिवशी हिरव्या शाईत "चर्चा करावी" असा शेरा मारायचे आणि फाईल खाली. चर्चेला जावं तर साहेब दौऱ्यावर. एका बाईंचं कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रकरण असं चार वेळा खाली आलं. बाई दर सोमवारी बाकावर येऊन बसायच्या, पिशवी मांडीवर. नियम एकदाही मोडला नाही. हे तुमच्या कुठल्या पेपरात येतं?

आवकजावक: काका, एम.ए.च्या दुसऱ्या पेपरातच येतं! रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९४० मध्ये हेच मांडलंय. नियम हे साधन, पण पाळता पाळता तेच साध्य होऊन बसतं. तुमचे साहेब म्हणजे त्याचं चालतंबोलतं उदाहरण.

निवृत्त_लिपिक: वा! १९४० पासून ठाऊक होतं म्हणायचं. मग सही कुणी आणली, मर्टनने? मी दौऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर फाईल घेऊन बसलो, तेव्हा मिळाली. शिक्षण माझं बारावी.

आवकजावक: तुम्ही होतात म्हणून एक फाईल सुटली. तो शेराच मोजायचा, किती फायलींवर कितव्या दिवशी पडतो ते काढायचं, हे कुणीतरी शिकवावं लागतं. आम्ही एका तालुक्यात आवक-जावक नोंदवह्या घेऊन तेच केलं.

निवृत्त_लिपिक: आणि नोंदवहीतल्या तारखा खऱ्या धरल्यात? आम्ही त्या शनिवारी एकदम भरायचो.

आवकजावक: ...हे मात्र वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

शुद्धमती: मर्टनच्या त्या कल्पनेला म्हणायचं 'साध्याचं विस्थापन'. बघा, मराठीत बसलं की नाही!

रांगेत_चौथा: बसलं, बाई, बसलं. काकांना व्याख्याते नेमा, मी पहिल्या बाकावर येतो. तोवर तिकीट वेटिंगच. आणि ताई, त्या 'मे'वाल्या तासाची वही अजून आहे का? मेन्सला तो प्रश्न येऊ शकतो.